काखेतली गाठ आणि बोटावरचा थेंब

जुन्या इंग्रजी कागदपत्रांत खोपोलीचे नाव ‘कॅम्पूली’ असे येते. घाटाच्या पायथ्याचे गाव, नाना फडणवीसांनी बांधलेले तळे आणि महादेवाचे देऊळ, एवढीच त्याची ओळख. १८३० साली मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी बोरघाटातून चाकाच्या गाड्यांसाठी रस्ता खुला केला. १८५६ मध्ये पळसदरीहून रेल्वेचा फाटा खोपोलीपर्यंत आला आणि १८५८ मध्ये वर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र पालखी, तट्टू किंवा स्वतःचे पाय यांवरच चढावा लागे. त्यामुळे मुंबईहून पुण्याला निघालेल्या माणसाला खोपोलीत थांबणे भागच होते. जिथे परका माणूस थांबतो तिथे त्याला मोजणारा, अडवणारा आणि तपासणारा उगवतोच. या लेखाचा विषय तो तपासणारा आहे.

खालापूर-कर्जत पट्ट्यात बाहेरून आलेली आणि इथून बाहेर जाणारी माणसे आणि त्यांच्याबरोबर प्रवास करणारे आजार यांविषयीची टिपणे मी गेली काही वर्षे जमवतो आहे. पटकी आणि प्लेगपासून सुरू झालेली ही टिपणे शेवटी बोटभर लांबीच्या एका प्लॅस्टिकच्या पट्टीपाशी येऊन थांबली. हिपॅटायटिस बी, म्हणजे ‘ब’ प्रकारची कावीळ, रक्तात आहे का हे पंधरा-वीस मिनिटांत सांगणारी ती पट्टी. वसाहतकालीन कागद चाळून मग या पट्टीकडे पाहिले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. तपासणीची हत्यारे पार बदलली, पण तपासणी कोणासाठी करायची, जो तपासला जातो त्याच्यासाठी की त्याला ज्यांच्यापासून दूर ठेवायचे त्यांच्यासाठी, हा प्रश्न दीडशे वर्षे जागचा हललेला नाही.

बोरघाटातला लोहमार्ग १८५६ च्या आरंभी हाती घेतला गेला आणि २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते खुला झाला. सुमारे सोळा मैलांची चढण, पंचवीस बोगदे, अठराशे फुटांहून अधिक चढाव. १८६१ च्या सुरुवातीला या कामावर बेचाळीस हजारांच्या आसपास माणसे होती. खोपोली-खंडाळा परिसराची तेव्हाची वस्ती डोळ्यांसमोर आणली तर हा आकडा केवढा होता ते कळेल. एक अख्खे शहर डोंगराच्या कुशीत, गवताच्या झोपड्यांत, ओढ्याचे पाणी पीत राहत होते. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून दंगा झाला, आणि पहिला ठेकेदार विल्यम फॅव्हिएल याच्या हातून काम गेले. दुसरा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच मरण पावला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका स्वतःकडे ठेवला आणि अभियंत्यांकरवी काम पुरे करून घेतले. तिच्याविषयी अलीकडे बरेच लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. पटकीने या घाटात जे मजूर गेले त्यांची नावे मात्र कोणत्याही फलकावर नाहीत. लोकांनी आपल्यापुरती एक सोय करून ठेवली आहे. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणारा धनगर शिंगरोबा आणि त्याचा झालेला घात, ही दंतकथा. आजही त्याच्या देवळापाशी ट्रकवाले नाणे टाकतात. इतिहासाने ज्यांना नाव दिले नाही, त्या सगळ्यांच्या वतीने एका माणसाला देवळात बसवले, असे मला नेहमी वाटते.

त्या काळी मजुरांची तपासणी नव्हती. पटकीचा जंतू कॉखने कलकत्त्यात ओळखून जाहीर केला तो १८८४ मध्ये. बोरघाटात साथ आली की माणसे पळत. पळालेला मजूर आजार पुढच्या गावी नेतो, याची साहेबाला तेव्हा फारशी फिकीर नव्हती. काम अडते, याची होती.

तपासनीस आला तो प्लेगबरोबर. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. शहरातून लाखो माणसे बाहेर पडली. त्यांतली पुण्याकडे आणि नाशिककडे जाणारी सगळी कल्याणवरून जाणार हे उघड होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि रेल्वेच्या फलाटांवर डॉक्टर उभे राहिले. प्रवाशांना खाली उतरवायचे, रांगेत उभे करायचे, अंग गरम आहे का पाहायचे, आणि मान, काख, जांघ चाचपून गाठ शोधायची. संशय आला की छावणीत. तिसऱ्या वर्गाच्या डब्याला जे झेलावे लागे ते पहिल्या वर्गाच्या डब्याला लागत नसे. बायकांच्या तपासणीवरून केवढा संताप उसळला आणि पुण्यात २२ जून १८९७ च्या रात्री त्याचा शेवट कशात झाला, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. कमी सांगितली जाते ती बाब वेगळीच आहे. तपासणीचे ठिकाण कळले की लोक अलीकडच्या स्टेशनावर उतरत आणि पायी पुढे जात. घाटवाटा काय, पिढ्यान्‌पिढ्या पायाखालच्याच होत्या.

आणि तरीही, ती तपासणी अगदी काटेकोर झाली असती तरी साथ थांबली नसती. प्लेग माणसाच्या काखेतून प्रवास करत नव्हता. तो उंदरांच्या अंगावरच्या पिसवांतून जात होता. पॉल-लुई सिमोंने १८९८ मध्ये ही गोष्ट मांडली तेव्हा तिच्यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. पुढे १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्लेग आयोगाने ती पक्की केली. म्हणजे कल्याणच्या फलाटावर गोऱ्या डॉक्टरची बोटे मजुराच्या काखेत गाठ शोधत होती, त्याच वेळी शेजारच्या मालडब्यातून धान्याची पोती बिनबोभाट घाटावर चढत होती. पोत्यांना कोणी रांगेत उभे केले नाही. धान्याचा व्यापार अडवणे महाग पडते, माणूस अडवणे स्वस्त.

त्याच परळशी जोडलेले दुसरे नाव वाल्डेमार हाफकिन. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे लस टोचल्याचा दाखला जवळ असलेल्यांना काही ठिकाणी विलगीकरणातून सूट मिळू लागली. हातात कागद असला की माणूस निर्धोक, या समजुतीची आपल्याकडची सुरुवात इथे शोधता येते. २०२० च्या मे महिन्यात गावी परतू पाहणाऱ्या मजुरांना सुरुवातीला डॉक्टरचा दाखला लागत होता आणि दवाखान्यांपुढे रांगा लागल्या होत्या. तो दाखला ताप नाही एवढेच सांगू शकत होता, आणि तो मिळवण्यासाठी माणसे खांद्याला खांदा लावून उभी होती.

आता पट्टीकडे येतो.

मराठीत ‘कावीळ’ हा एकच शब्द अनेक आजारांना पुरतो, आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते. दूषित पाण्यातून येणारी ‘अ’ आणि ‘ई’ कावीळ डोळे पिवळे करते आणि बहुतेकांची आपोआप उतरते. कर्जत-नेरळच्या बाजूला काविळीचे औषध देणारे आहेत. वनस्पतीच्या काड्यांची माळ गळ्यात घालतात, ती दिवसागणिक लांबत जाते आणि पुरेशी लांबली की कावीळ उतरली. श्रेय माळेला मिळते. यकृत बिचारे आपले काम करून गप्प बसते. ‘ब’ काविळीचा विषाणू निराळ्या वळणाचा आहे. तो रक्तातून, लैंगिक संबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. प्रौढपणी लागण झाली तर शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणांच्या शरीरातून तो निघून जातो. जन्मताना लागण झाली तर मात्र सुमारे नव्वद टक्के बाळांत तो कायमचा मुक्काम करतो. डोळे पिवळे होत नाहीत, भूक मंदावत नाही. तीस-चाळीस वर्षांनी यकृत निबर होते किंवा कर्करोग होतो, तेव्हा तो प्रथम दिसतो. अशा माणसाला माळेचा उपयोग नाही, कारण आपल्याला काही झाले आहे हेच त्याला माहीत नसते.

हा विषाणू हाती लागला तोही एका दूरच्या माणसाच्या रक्तातून. अमेरिकेत बरूच ब्लूमबर्ग निरनिराळ्या मानवसमूहांच्या रक्तातले फरक अभ्यासत होते. अनेकदा रक्त चढवून घेतलेल्या एका रक्तस्रावी रुग्णाच्या रक्तद्रवाने ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तद्रवाशी प्रतिक्रिया दिली. १९६५ मध्ये त्यांनी आणि हार्वी आल्टर यांनी त्याविषयी लिहिले आणि सापडलेल्या पदार्थाला नाव पडले ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’. त्याचा काविळीशी संबंध पुढच्या दोन-तीन वर्षांत उलगडला. ब्लूमबर्ग यांना १९७६ चे नोबेल मिळाले आणि त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, हा जागतिक हिपॅटायटिस दिन झाला. आपल्याकडचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमही २०१८ च्या २८ जुलैलाच सुरू झाला. ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ हे नाव मात्र आपल्या जुन्या पॅथॉलॉजीच्या कागदांवर पुष्कळ वर्षे टिकले. खेडेगावातल्या कितीतरी रुग्णांना आपला ऑस्ट्रेलियाशी काय संबंध, हा प्रश्न त्यामुळे पडला असेल.

ब्लूमबर्ग यांच्या काळात जेलीच्या थरात दोन द्रव एकमेकांकडे झिरपण्याची वाट पाहावी लागे आणि त्यात दिवस जात. मग किरणोत्सारी पद्धत आली, मग विकरांवर चालणारी एलायझा. पट्टीचे तंत्र घरोघरच्या गर्भचाचणीचेच. पट्टीच्या एका टोकाला रक्ताचा किंवा रक्तद्रवाचा थेंब टाकायचा. कागद तो ओढून घेतो. वाटेत सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटवलेली प्रतिपिंडे असतात. विषाणूचे वरचे आवरण सापडले की ती त्याला पकडतात आणि पुढे ठरलेल्या जागी अडकून लालसर रेघ उमटवतात. दुसरी रेघ पट्टी नीट चालते आहे एवढे सांगण्यासाठी. वीज नको, यंत्र नको, शीतकपाट बहुधा नको. ज्या वस्तीवर प्रयोगशाळा कधी पोचणार नाही तिथे ही पट्टी पोचते, आणि म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शनात अशा ठिकाणी तिच्या वापराला मान्यता दिली.

पण तिची मर्यादा तितकीच स्पष्ट आहे. रक्तातला अंश फार थोडा असेल तर तिला तो दिसत नाही. लागण झाल्यावरचे पहिले काही आठवडे तिला काही कळत नाही. आणि दुसरी रेघ उमटली, तर त्या माणसाला औषध हवे की नको हे ती सांगत नाही. त्यासाठी यकृताच्या तपासण्या, विषाणूंची मोजणी आणि सहा महिन्यांनी पुन्हा भेट लागते. सहा महिन्यांनी पुन्हा भेट! वीटभट्टीवरच्या किंवा ठेक्यावरच्या मजुराबाबत हे वाक्य लिहिणाऱ्याने एकदा खालापुरात येऊन पाहावे.

खोपोली आज पोलाद, कागद आणि रसायनांच्या कारखान्यांचे गाव आहे. १९१५ मध्ये टाटांचे जलविद्युत केंद्र इथे सुरू झाले तेव्हापासून बाहेरचा कामगार येतोच आहे. आधी घाटावरचा, मग उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातला. अशाच एका कारखान्याच्या फाटकाशेजारच्या खोलीत ठेक्यावरच्या मुलांची तपासणी चाललेली मी पाहिली आहे. रांग, बोटाला टोचणी, टेबलावर ओळीने मांडलेल्या पट्ट्या. वीसेक मिनिटांनी मुकादम आत डोकावला आणि त्याने विचारले, “किती पास, किती फेल?” हिपॅटायटिसचा शब्द त्याच्या तोंडी नव्हता. त्याची गरजही नव्हती. ‘फेल’ झालेला मुलगा दुपारी सामानाची पिशवी घेऊन स्टेशनाकडे चालला होता. आपल्याला काय झाले आहे हे त्याला कोणी सांगितले होते की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून समजत नव्हते.

वैद्यकाच्या दृष्टीने या काढून टाकण्याला आधार नाही. हा विषाणू एका ताटात जेवल्याने, हस्तांदोलनाने, खोकल्याने, एका संडासाने पसरत नाही. शेजारच्या यंत्रावर उभा राहणारा कामगार सुरक्षित असतो. शिवाय, पंचविशीतल्या ज्या मुलाच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते, त्याला ती लागण बहुतेक वेळा आईच्या पोटातून बाहेर येताना किंवा शैशवात झालेली असते. त्याच्या वागणुकीवर बोट ठेवणारे हे लक्षातच घेत नाहीत. अमिताभ बच्चन यांना १९८२ च्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून हिपॅटायटिस बी झाला. तो कित्येक वर्षांनी कळला आणि त्यांनीच तो जाहीरपणे सांगितला. मधल्या काळात ते काम करत होते, नंतरही करत राहिले, आणि त्यांच्याबरोबर काम करायला कोणी नकार दिल्याचे ऐकिवात नाही. वैद्यकीयदृष्ट्या त्यांच्यात आणि स्टेशनाकडे निघालेल्या त्या मुलात फरक नाही.

रायगडच्या किनाऱ्याकडे, म्हसळा-श्रीवर्धन-मुरूड भागात, हाच प्रश्न आखाताच्या वाटेवर भेटतो. तिकडे नोकरीला जाणाऱ्याला निघण्याआधी मुंबईतल्या मान्यताप्राप्त केंद्रात तपासणी करावी लागते. आखाती देशांच्या नियमांत हिपॅटायटिस बीची रेघ म्हणजे ‘अनफिट’. व्हिसा गेला, दलालाला दिलेले पैसे गेले. त्या माणसाला औषधाची गरज आहे का, हा प्रश्न त्या केंद्राच्या कामात बसत नाही. चीनमध्ये तर शाळाप्रवेश आणि नोकरी दोन्हींसाठी ही चाचणी सर्रास होत असे. त्यावरून खटले झाले, मोठा असंतोष झाला आणि २०१० मध्ये सरकारने अशा चाचण्यांवर बंदी घातली. आपल्याकडे एचआयव्हीच्या बाबतीत एवढे तरी झाले. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका हंगामी मजुराचा खटला आला. नाव उघड होऊ नये म्हणून तो ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ असाच ओळखला जातो. काम करायला जो सक्षम आहे त्याला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही, असा निकाल लागला. पुढे २०१७ च्या कायद्याने नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालण्यास मनाई केली. हा कायदा एचआयव्हीपुरताच आहे. ‘ब’ काविळीचा मजूर त्याच्या कुंपणाबाहेर उभा आहे.

याचा अर्थ पट्टी वाईट असा नाही. उलट ती पुरेशा लोकांपर्यंत पोचलेलीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे २५.४ कोटी माणसे या विषाणूसह जगत होती. त्यांतल्या जेमतेम तेरा टक्क्यांचे निदान झाले होते आणि सुमारे तीन टक्के उपचार घेत होते. भारतातला अंदाज २.९८ कोटींचा आहे. माझे म्हणणे पट्टी कुठे ठेवली जाते याविषयी आहे. कल्याणच्या फलाटावर पोती मोकळी सुटली, तसेच इथे होते. विषाणूच्या खऱ्या वाटा आहेत पुन्हा पुन्हा वापरलेली सुई, न उकळलेला वस्तरा, जत्रेतली गोंदणाची सुई, आणि सर्वांत मोठी वाट म्हणजे बाळंतपण. चौकी मात्र कारखान्याच्या फाटकावर.

बाळंतपणाची वाट बंद करता येते. गरोदरपणात आईची हीच पट्टीची चाचणी, आणि बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत लसीचा पहिला डोस. आईच्या रक्तात विषाणू असेल तर बाळाला इम्युनोग्लोब्युलिनही. लस आपल्याकडे दुर्मीळ नाही. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस आणली आणि किंमत धाडकन खाली आली. २००२ पासून प्रायोगिक आणि २०११-१२ पर्यंत देशभर ती बालकांच्या लसीकरणात आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ती सहज मिळते.

पण खालापूर-कर्जतच्या कातकरी वाड्यांतली माणसे दिवाळीनंतर घरी नसतात. उचल घेतलेली असते. भात कापून झाले की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, कल्याण, पनवेलकडच्या वीटभट्ट्यांवर, काही कोळसा पाडायला दूर परप्रांतात जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. बाई आठव्या महिन्यात असली तरी जाते, कारण उचल जोडीच्या नावावर असते. एका भट्टीवर मी अशाच एका बाईला विचारले होते की बाळंतपणाला गावी जाणार का. ती म्हणाली, “दादा, शेठ सोडील तवा ना.” तिचे कार्ड वाडीवरच्या घरात, आढ्याला खोचलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत होते. वाडी एका तालुक्यात, भट्टी दुसऱ्या जिल्ह्यात. रक्त तपासले होते का, हे तिला आठवत नव्हते. सुई टोचली होती एवढे आठवत होते.

आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या १९७९ च्या कायद्यात ठेकेदाराने वैद्यकीय सोय मोफत करावी असे होते. ही बाई राज्याची हद्द ओलांडत नाही, म्हणून ती त्यातही नव्हती. भट्टीच्या मालकाने कामावर घेताना तिची कोणतीही तपासणी केली नव्हती. तिथे फाटकच नाही. रस्त्याच्या कडेला विटांचे थर, मागे पेंढ्याच्या झोपड्या, आणि तिच्या झोपडीपासून सर्वांत जवळचे सरकारी रुग्णालय कुठे आहे हे विचारले तेव्हा तिने हात वर करून हमरस्त्याकडे दाखवले.